बापाचा दिवा

सन १९०७. माझं वय तेव्हा बत्तीस. विहिरीत उतरण्याच्या कामात नागपुरात माझ्या तोडीचा माणूस नव्हता. हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आज सत्तरीतही म्हणतो. ज्याला खोटं वाटेल त्यानं सीताबर्डीच्या टेकडीखालून निघून काटोलच्या रस्त्यानं चालत जावं आणि माझ्या हातच्या विहिरी बघाव्यात. वैशाखातही त्यांना पाणी असतं. शाळेत मी दोनच वर्षं बसलो, त्यामुळे अक्षर वाकडं आहे. पाळकसाहेब म्हणाले, चर्चच्या मंडळीपुढे वाचायला तुझी साक्ष लिहून दे. म्हणून लिहितो आहे. शुद्ध-अशुद्ध त्यांनी बघावं, पण मजकुराला हात लावू नये.

मी भीत नाही, असा माझा लौकिक होता. प्रत्यक्षात त्या साली मी चार वर्षांपासून रोज भीत होतो, आणि ते मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

चार वर्षांपूर्वी मी आणि माझी बायको मार्था, आम्ही बाप्तिस्मा घेतला होता. तिचा एकुलता एक भाऊ धोंडू, त्यानंही घेतला आणि तो दानिएल झाला. माझा थोरला भाऊ सखाराम, त्याला मी दादा म्हणत असे, त्यानं त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं. आम्ही दोघं लहानपणापासून एका दोरावर काम केलेले. मी खाली, तो वर. बाप गेल्यावर तोच माझा बाप. पण बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो तर दोर गुंडाळून तो निघून गेलेला. एवढंच. शिवी नाही, भांडण नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. मीही हट्टाचा. मी काही त्याच्या दारात गेलो नाही.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आहे. जुन्या, बंद पडलेल्या विहिरीत माणूस उतरायच्या आधी दोराला बांधून एक पेटता दिवा खाली सोडायचा. तळापर्यंत जळत राहिला तर पाण्यातल्या साती आसरा देवींची परवानगी मिळाली. विझला तर त्या रागावल्या आहेत, त्या दिवशी उतरायचं नाही. माझ्या बापाकडे त्यासाठी पितळेचा एक दिवा होता, तीन साखळ्यांचा, वर कडी. तो दादाकडे राहिला. मी ख्रिस्ती झाल्यावर ठरवलं की आता आसरा नाहीत, तर दिवाही नाही. माझा देव विहिरीत बसून रुसत नाही. असं मी चारचौघांत मोठ्यानं बोलायचो आणि लोक गप्प झाले की मला छाती फुगल्यासारखी वाटायची. चार वर्षं मी दिवा सोडला नाही आणि मला काही झालं नाही. होणार कसं? त्या सगळ्या चालत्या विहिरी होत्या, त्यांना दिवा लागतच नाही. पण मी ते माझ्या विश्वासाच्या खात्यात टाकत गेलो.

त्या उन्हाळ्यात आमच्या ख्रिस्ती वस्तीला पाणी नव्हतं. शेजारच्या विहिरीवर आमच्या बायकांना उभं राहू देत नसत. मार्था दोन घागरी घेऊन नाग नदीच्या पात्रात झिरे उकरायला जायची आणि दुपारी परत यायची. तेव्हा एका भल्या माणसानं आपल्या मोडक्या संत्र्याच्या बागेतली एक जुनी विहीर आम्हाला दिली. वीस वर्षं ती फळ्या टाकून झाकलेली होती. आत पालापाचोळा कुजून गाळ झाला होता. गाळ उपसला की पाणी लागणार हे मी काठावरूनच सांगितलं. मला किती गर्व झाला म्हणून सांगू! ख्रिस्ती लोकांची पहिली विहीर, ख्रिस्ती माणसाच्या हातून, आणि आसरांना न विचारता.

सकाळी सारी वस्ती काठावर जमली. मंडळीतल्या वडीलमंडळींनी प्रार्थना केली. बागेचे गडीही टेकून बघत होते. मी दोर लावत होतो तेवढ्यात मागून आवाज आला, चार वर्षांत न ऐकलेला.

"दिवा सोडला का गा, लहान्या?"

दादा उभा होता. खांद्यावर थैली, डोक्याला पागोटं. माझं तोंड माझ्या आधी बोललं. "आमच्यात ते नसते."

"तुमच्यात काय असते न काय नसते, मले काय करायचं? इहीर तर तेच हाय ना. वीस सालाची बंद इहीर हाय. दिवा सोड."

गडी हसले. एक म्हणाला, "पाहा बाप्पा, किरिस्ताव आता काय करते!" मंडळीतले लोक माझ्याकडे बघत होते. दादाच्या आवाजात राग नव्हता हे मला कळलं होतं. तरी मी पाठ फिरवली. "माझा देव दिव्याच्या भरवशावर नाही," मी म्हणालो. आमच्यातल्या दोघांनी आमेन म्हटलं.

दानिएल गमत्या माणूस. तो धोतर खोचत म्हणाला, "दाजी, तुम्ही भावासंग भांडत बसा. तवर मी पाण्याची चव पाहून येतो." आणि भिंतीतल्या खोबणींत पाय देत तो खाली गेला. दोर त्यानं कमरेला नुसता गुंडाळला होता. तळाशी पोचून गाळाचं टोपलं बांधायला त्यानं तो सोडलाही. मग वरून आम्ही पाहिलं, तो डोकं धरून उभा राहिला. तळापासून पुरुषभर उंचीवर एक दगडी टप्पा होता. त्यावर तो कसाबसा चढला, बसला आणि बसल्या जागी त्यानं मान टाकली.

मी हाका मारल्या. उत्तर नाही. मार्था काठावर आली आणि तिनं फक्त माझ्या तोंडाकडे पाहिलं.

आता खरं लिहितो. मला उतरता येईना. प्रार्थना करायला गेलो तर एक शब्द जिभेवर येईना. इतकी वर्षं लोकांपुढे मोठ्यानं प्रार्थना करणारा मी! आणि त्या क्षणी मला माझं सारं दिसलं. दिवा सोडायचा नाही असं मला पाळकसाहेबांनी कधी सांगितलं नव्हतं. शास्त्रातही मला ते कुणी दाखवलं नव्हतं. मी दिवा सोडला नाही कारण मी भीत होतो. मंडळी म्हणेल हा अजून जुनाच आहे. गडी म्हणतील याचा नवा देव पळाला. ज्याला मी विश्वास म्हणून मिरवत होतो ती लोकांची भीती होती, आणि तिच्यापायी माझ्या बायकोचा भाऊ तिथे खाली मान टाकून बसला होता.

दादानं मला बाजूला ढकललं नाही. हाताला धरून बाजूला केलं. थैलीतून त्यानं बापाचा दिवा काढला, पेटवला आणि सोडला. टप्प्यापर्यंत ज्योत जळत गेली आणि टप्प्याच्या जरा खाली फुस्सकन विझली.

"टप्प्यावर हवा हाय," दादा म्हणाला. "धोंडूत जीव असन. पाणी आणा बे! न लिंबाच्या डगाली तोडा!"

गडी, आमचे लोक, सारे धावले. बायकांनी आदल्या दुपारी नदीवरून आणलेलं पाणी, वस्तीचं त्या दिवसाचं सगळं पाणी, घागरीनं विहिरीत ओतलं. कडुलिंबाच्या फांद्यांचा भारा दोराला बांधून आम्ही तो जोरानं खाली सोडायचो आणि वर ओढायचो, म्हणजे आतली हवा हलते. दिवा पुन्हा सोडला. या वेळी तो टप्प्याच्या खाली वीतभर जास्त गेला आणि मिणमिणत राहिला.

दादा स्वतःच्या कमरेला दोर बांधायला लागला. मी तो हिसकावला.

"मी जातो. चूक माही हाय."

"तू थरथरून राहिला, लहान्या."

"असू दे. तू वर राह्य. वर तूच पाहिजे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या कमरेला आणि मांड्यांना दोर बांधला. चार वर्षांनी त्याचे हात मला लागले. गाठ दोनदा ओढून पाहिली, लहानपणी पाहायचा तशी.

दोरावर उतरण्याचा एक नियम आहे आणि तो बाप आम्हाला रोज सांगायचा. एकदा दोरावर बसलं की भिंतीला हात लावायचा नाही. खालच्या माणसानं भिंत धरली की वजन मधेच सुटतं, मधेच पडतं, आणि वरच्याच्या हातातून दोर निसटतो. पक्का उतरणारा मी, पण त्या दिवशी दोन्ही हातांनी भिंत धरून बसलो. दिवा माझ्या बाजूनं उतरत होता. त्याची ज्योत लहान झाली की मी भिंत आणखी घट्ट धरायचो.

वरून दादा ओरडला, "भिंत सोड! ऐकून राहिला का? भिंत सोड, लहान्या! मी हाव ना वर!"

मी भिंत सोडली.

त्या वेळी मला प्रभू दिसला असं मी म्हणणार नाही. प्रकाश नाही, आवाज नाही. पण हात सोडून त्या दोरावर लटकल्यावर माझी थरथर थांबली. मला उमगलं की वरचा माणूस माझ्यावर चार वर्षं रुसला आहे, माझा धर्म त्याला मान्य नाही, आणि तरी तो हा दोर सोडणार नाही. प्रेम काय असतं ते मी चार वर्षं रविवारी ऐकत होतो. ते माझ्या कमरेला त्या दिवशी बांधलं गेलं. आणि प्रार्थना जी वर जिभेवर येत नव्हती, ती खाली आपोआप आली. दोनच शब्द होते. प्रभू, धर.

दानिएलच्या काखेतून मी वरून सोडलेला दुसरा दोर घातला. त्याला आधी ओढलं, मग मला. वर आल्यावर त्याच्या तोंडावर पाणी मारलं, पाठ चोळली. बऱ्याच वेळानं त्याला उलटी झाली आणि त्यानं डोळे उघडले. मार्था रडत त्याला म्हणाली, "चव पाहली का रे पाण्याची?" तो पुटपुटला, "लय कडू हाय, बाई." तेव्हा दादाही हसला.

दुपारी पाळकसाहेब आले. त्यांनी समजावलं की बंद विहिरीत पाला कुजून खराब हवा तळाशी साचते, तिच्यात दिवाही जगत नाही आणि माणूसही. दादा म्हणाला, "आमचा बाप तेले आसरा म्हणे." दोघांत काही वाद झाला नाही. मग पाळकसाहेब मला म्हणाले, "दिवा सोडू नकोस असं मी तुला कधी म्हणालो होतो?" मी मान खाली घातली. आयुष्यात फार वेळा घातलेली नाही.

एक गोष्ट राहिली. त्या दिवशी दादाला कुठे काम नव्हतं. बाग त्याच्या वाटेवर नव्हती. आणि दिवा तो कामाशिवाय कधी घराबाहेर काढत नसे. तो मरेपर्यंत मी त्याला विचारत राहिलो, तू त्या सकाळी तिकडे काहून आला होता? तो एवढंच म्हणायचा, "काम होतं." तो शेवटपर्यंत आपल्या देवाचा राहिला. मंडळीत मला अजून विचारतात, तुझा भाऊ प्रभूकडे आला का? मी ताठ मानेनं सांगतो, ते प्रभूला विचारा. मला इतकं ठाऊक आहे की ज्या दिवशी मी प्रभूला हाक मारायला विसरलो, त्या दिवशी तो माझ्या भावाच्या खांद्यावरच्या थैलीतून आला. मी त्याचे उपकार मानतो, आणि ते मानताना माझी मान वरच असते. असा भाऊ आणि असा प्रभू किती जणांना मिळाला? विश्वास म्हणजे छाती काढून काठावर उभं राहणं, असं मला वाटत होतं. तसं ते नाही. वर जो आहे त्याच्यावर वजन टाकून हात मोकळे सोडायचे, इतकंच काम आपलं असतं, आणि माझ्यासारख्या अडेल माणसाला तेच सगळ्यात जड जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बागेत गेलो तर दादा दोराच्या वेटोळ्यावर बसलेला. सारी मंडळी, सारे गडी काठावर. मी त्याच्यापुढे हात केला. त्यानं दिवा दिला. मी तो पेटवला, प्रभू येशूचं नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं घेतलं आणि दिवा खाली सोडला. तो विझला. कुणी खाकरलं. मी दिवा वर ओढला, डगालीचा भारा सोडला, घामाघूम होईपर्यंत तो हलवला आणि दिवा पुन्हा सोडला. पुन्हा विझला. ऊन डोक्यावर येईस्तोवर मी तेच करत राहिलो. पाचव्या खेपेला तो तळापर्यंत गेला आणि गाळावर टेकून निवांत जळत राहिला. मग मी दोर कमरेला बांधला, दुसरं टोक दादाच्या हातात दिलं आणि उतरलो. भिंतीला हात लावला नाही.