सासूबाई, सर्व्हर आणि साडभाऊ

माणसाला पाहून यंत्र ओशाळतं, असं मी सांगितलं तर तुम्ही हसाल. पण आमच्या थोरल्या साडभाऊंना ज्यांनी एकदा तरी पाहिलंय, ते हसणार नाहीत. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हिंगणघाटच्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर फिजिक्स शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर लोक जसे बागेला किंवा भजनाला लागतात तसे ते लिनक्सला लागले. त्यांच्या घरात शिरलेला मिक्सर, पंखा, मोटरपंप बिघडायच्या आधी दहादा विचार करत असावा. आमच्याकडचा कूलर मात्र महिनाभर कुरकुरायचा आणि साडभाऊ आमच्या सिंदी स्टेशनवर उतरले की गप्प व्हायचा. त्यांच्या नुसत्या चाहुलीनं तो सुधारायचा, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. मी बँकेत नोकरी केलेला माणूस, सहसा कुणावर विश्वास ठेवत नाही. पण साडभाऊंवर माझी श्रद्धा आहे.

या माणसाकडे सगळ्या रोगांवर एकच औषध आहे, आणि ते म्हणजे एक प्रश्न. "कालपरेंत चालत होतं ना? मंग मधात काय बदललं?" पोट दुखो, स्कूटर बंद पडो, नाहीतर कुणाची सून माहेरी जाऊन बसो, साडभाऊ चष्मा वर करतात आणि हेच विचारतात. तळेगावला एका लग्नात वरपक्षाचे मामा रुसले. जेवायला येईनात. अर्धा मांडव त्यांची मनधरणी करून थकला. साडभाऊंनी मामांशी एक शब्द न बोलता मांडवाला एक चक्कर मारली आणि यजमानाला म्हणाले, "सकाळी मामाच्या खुर्चीपाशी कूलर होता. तो काऊन हलवला?" कूलर परत आला, मामा जेवले, वर जिलबी मागून घेतली. मुलीच्या बापानं साडभाऊंच्या पायाला हात लावला तेव्हा ते इतकंच म्हणाले, "मान्सं रुसत नाई हो, सेटिंग बदलते."

दुसरी सवय याहून विलक्षण. काहीही बदलण्याआधी जुन्याची एक प्रत बाजूला काढून ठेवायची. न्हाव्याच्या खुर्चीत बसण्याआधी ते आपल्या डोक्याचा मागून फोटो काढायला लावतात. घराला नवा रंग दिला तेव्हा कपाटामागचा तळहाताएवढा जुना पिवळा तुकडा रंगाऱ्याला हात लावू दिला नाही. मी विचारलं, "हे कायले?" तर म्हणाले, "परत जायचं झालं तर रस्ता पाह्यजे ना." माझी मेव्हणी सांगते, तिनं स्वयंपाकघरातले डबे नव्यानं लावायला घेतले की हे आधी फळीचा फोटो काढतात. एवढं करून त्यांना स्वतःला चहा-साखरेचा डबा कधी सापडला नाही, पण तो आधी कुठे होता हे मात्र ते पुराव्यानिशी सांगू शकतात.

आणि अशा या माणसाला आयुष्यात एकाच व्यक्तीनं हरवलं. आमच्या सासूबाईंनी. सासूबाईंच्या हाताला जी चव होती तिच्याबद्दल मी लिहिणार नाही, कारण मला त्रास होतो. त्या थकायला लागल्या तेव्हा साडभाऊंनी ठरवलं की मामींचा (सासूबाईंना ते मामी म्हणत) सगळा स्वयंपाक मामींच्याच तोंडून रेकॉर्ड करायचा. जावई मोबाइल घेऊन चुलीपाशी बसायचे आणि "मीठ किती? चमच्यात सांगा" म्हणून पिच्छा पुरवायचे. सासूबाई म्हणायच्या, "हाताले समजते." फिजिक्सचा प्राध्यापक आणि एक म्हातारी यांच्यातला हा वाद सबंध हिवाळाभर चालला, आणि प्राध्यापकांना शेवटपर्यंत एक चमचाही मिळाला नाही.

रेकॉर्डिंग झाल्यावर सासूबाईंनी एक अट घातली. "माह्या आवाजाच्या धा ठिकानी नकला करू नका, जवाईबापू. एकाच घरी राहू द्या. जिले लागन ते तिथून ऐकन." नकला काढण्यातच ज्यांचा जन्म गेला त्या माणसाला ही अट! त्यांनी खूप समजावलं, पण सासूबाईंनी शब्द घेतला आणि त्यांनी दिला. मग आमच्या घरी, जिन्याखाली, एका जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स घालून त्यांनी छोटासा वेब सर्व्हर उभा केला. तिन्ही बहिणींनी आपापल्या घरून मोबाइलवर पान उघडायचं, पदार्थाच्या नावावर बोट ठेवायचं, की आई बोलू लागते. आमच्या घरात त्याला 'आईची पेटी' म्हणतात. सासूबाई गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. साडभाऊ दर भेटीत पेटीपाशी चपला काढून बसतात, कॉम्प्युटरला "बसा, बसा, उठू नका" असं काहीतरी पुटपुटतात आणि मला बजावतात, "याले हात लावू नका. अपग्रेड मांगत असन तर मले फोन करा."

गेल्या हिवाळ्यात सांबार स्वस्त झाला तेव्हा तिघी बहिणींनी आमच्याकडे जमून आईच्या हातची सांबारवडी करायचं ठरवलं. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्याच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. पाहुणे येणार म्हणून मी उत्साहानं घर झाडलं, पडदे धुतले, जिन्याखालची जळमटं काढली, आणि म्हटलं, आता पेटीही जरा नवी करून ठेवू. ती बरेच दिवस अपग्रेड मागत होतीच. मी 'हो' म्हटलं. मधेमधे ती थांबून मोठ्या अदबीनं विचारायची : तुमची ही फाइल तुम्ही बदललेली दिसते, ती ठेवू, की आम्ही आणलेली नवी घालू? मी स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडलो, "अवो, त्यायनं नवीन आणलं म्हन्ते, घ्यावं का?" बायको आतून म्हणाली, "एवढं आनलं तर घ्या ना. आहेर कोनी वापस करते काय?" हे मला पटलं. आपल्याकडे दारी आलेला आहेर परत करत नाहीत. पेटीनं जेवढ्या वेळा विचारलं तेवढ्या वेळा मी नवीन घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिघी बहिणी स्वयंपाकघरात. सांबार निवडलेला, पारीचं पीठ भिजवलेलं, खसखस-खोबरं भाजलेलं. धाकटीनं कढई चढवली आणि माझ्या बायकोनं मोबाइलवर पेटीचं पान उघडलं. पदार्थांची नावं गायब. पांढऱ्या पानावर एकच इंग्रजी वाक्य : 'इट वर्क्स!' म्हणजे, चालतंय! ती जिन्यापाशी आली आणि मला म्हणाली, "आईले काय केलं तुमी?" इतक्या हळू आवाजात ती माझ्याशी लग्नानंतर कधी बोलली नव्हती. मागे दोघी बहिणी पिठाचे हात घेऊन उभ्या होत्या. दुसरी प्रत जगात कुठेही नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

साडभाऊ बाहेर ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांना बोलावलं. त्यांनी पान पाहिलं, चपला काढल्या, हात धुतले आणि मला विचारलं, "मधात काय बदललं?" मी म्हटलं, "काई नाई." ते नुसते बघत राहिले. त्या नजरेपुढे कॉलेजातली कैक पोरं कबूल झाली असतील. मीही झालो, आहेरासकट. ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "आहेराचं पातळ घ्या ना, पन म्हनून आंगावरचं टाकून देता काय?" मग खुर्चीवर बसले. सर्व्हर आता ज्या फोल्डरमधून पानं दाखवत होता तो त्यांनी उघडला. त्यात स्वागताचं ते एकटं पान होतं, बाकी काही नाही. थोरलीनं तोंडाला पदर लावला. मी त्यांना म्हटलं, "तुमीच ठेवलं होतं ना, कुठं ठेवलं ते आठवा." ते म्हणाले, "कुठं ठेवलं ते त्या जुन्या फाइलीत लिहिलं होतं. डोक्यात ठेवाचं असतं तर फाइल कायले केली असती?" त्यांचा आवाज नेहमीसारखा होता, पण तोच फोल्डर त्यांनी दोनदा बंद करून पुन्हा उघडला.

पण लिनक्स हे साडभाऊंच्याच जातकुळीचं निघालं. नवी फाइल घालताना त्यानं जुनी फेकली नव्हती. नावापुढे 'जुनी' अशी शेपटी लावून तिथेच शेजारी ठेवून दिली होती. साडभाऊंनी ती दिसल्याबरोबर कपाळाला हात लावून नमस्कार केला. मग जुनी आणि नवी शेजारी शेजारी उघडून ओळीला ओळ लावत वाचू लागले. एका ओळीत दुसऱ्याच फोल्डरचा पत्ता होता. तिथे गेले, आणि पडद्यावर नावं उतरू लागली : पाटवडी, गोळाभात, रोडगे, सांबारवडी. "मामी घरीच आहे," ते म्हणाले. "दरवाज्याची पाटी बदलली, एवढंच." बायको तिथेच जिन्याच्या पायरीवर बसली आणि रडली.

मी म्हटलं, मग जुनी फाइलच उचलून जागेवर ठेवा. ते म्हणाले, "नवीन भिंतीत जुनी चौकट तशीच नाई बसत. ठोकून बसवली तर भिंत जाते." त्यांनी नव्या फाइलीत जुना पत्ता तेवढा लिहिला आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. आता 'इट वर्क्स' गेलं आणि 'सेवा उपलब्ध नाही' आलं. मला तर पहिलंच बरं वाटलं. साडभाऊ मात्र खुलले. सर्व्हर स्वतःच्या तक्रारी जिथे लिहून ठेवतो ती लॉगची फाइल त्यांनी उघडली आणि मोठ्यानं, एकेक शब्द, पोथी वाचावी तशी वाचू लागले. मी काहीतरी सुचवायला गेलो तर म्हणाले, "मशीन बोलून राह्यली, तुमी मधात बोलू नका." बिघडलेल्या वस्तूचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही, आपण सगळे तिला आधी दोन चापट्या मारतो. तक्रार अशी होती की पदार्थांचं पान तयार करून देणारा एक मदतनीस प्रोग्रॅम असतो, अपग्रेडमध्ये तो नवा आला, त्याचं नाव बदललं, आणि आमचं पान अजून त्याला जुन्याच नावानं हाका मारत होतं. लग्नात नाव बदललेल्या सुनेला माहेरच्या नावानं हाक मारल्यावर ती ओ देईल कशी? साडभाऊंनी नाव दुरुस्त केलं. एवढ्या मोठ्या घोटाळ्यात त्यांनी मोजून दोन ठिकाणी हात लावला होता.

पान उघडलं. सगळी नावं जागच्या जागी. धाकटी म्हणाली, "भाऊजी, आता तरी एक कॉपी करून ठेवा. पाह्यलं ना काय झालं थे? आमी तिघी सांगून राह्यलो, आमची परवानगी आहे." साडभाऊंनी चष्मा पुसला. ज्या माणसानं भिंतीचा रंगसुद्धा राखून ठेवला, त्याच्या बोटाखाली कॉपीची कळ होती. त्यांनी बोट उचलून घेतलं आणि म्हणाले, "तुमी तिघी मिळून मामी होत नाई."

मग त्यांनी सांबारवडीवर बोट ठेवलं. आधी चुलीचा, भांड्यांचा आवाज आला, आणि मग त्या, सासूबाई, अगदी जिन्याखाली बसल्यासारख्या : सांबार धुतला की फडक्यावर पसरवा, चांगला सुकू द्या. लगेच साडभाऊंचाच आवाज, जरा तरुण आणि जरा आगाऊ : "मामी, किती मिनिटं?"

"थे घड्याळ तिकडे ठेवा, जवाईबापू. हाताले ओलं नाई लागलं म्हनजे झालं. लय इचारता तुमी. मी गेल्यावर कोनाले इचारसान?"

"तुमालेच इचारीन."

यावर सासूबाई हसल्या. खोकला येईपर्यंत हसल्या, आणि मग पुढचं सांगू लागल्या. बहिणी एकेक करून स्वयंपाकघरात गेल्या. साडभाऊ खुर्चीवर तसेच बसून होते. डोळे पडद्यावर नव्हते. "चालू आहे," ते मला म्हणाले, आणि आवाज आणखी थोडा मोठा केला.