शेंगाचटणीतला खून

दुपारचं जेवण झालं की मी एक खून वाचायला घेते. नातीनं मोबाइलवर अक्षरं मोठी करून दिलीत, त्यामुळे प्रेतंही चांगली ठळक दिसतात. पंखा फिरतो, मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांची खटखट दूर दूर जाते, आणि गोष्टीतला श्रीमंत म्हातारा दूध पिऊन कोसळेपर्यंत मी शुक्रवार पेठेतल्या जुन्या स्वयंपाकघरात पोचलेली असते. एकोणीस वर्षांची, नवी सून, अतिशहाणी.

तेव्हा मी वाचनालयातून रहस्यकथा आणायची आणि चोरून वाचायची. एवढे खून पचवल्यावर घरातलं कुणीच निष्पाप दिसेना. सासऱ्यांची पहिली बायको तरुणपणी गेली, एवढंच ठाऊक होतं. कशानं, ते कुणी बोलत नसे. आणि सासूबाई रोज जेवणाआधी देव्हाऱ्यातून चांदीचं काहीतरी काढून त्याच्याशी पुटपुटत. एकदा मी दाराआडून ऐकलं, "चुकलं आसंल तर पदरात घे गं बाई."

झालं! कबुलीच की ही!

गोष्टींत विष नेहमी जेवणातून जातं. लालभडक शेंगाचटणीत तर काहीही खपलं असतं. मी चटणी सोडली. तीन दिवस ताक-भाकरीवर काढले आणि स्वतःला फार धोरणी समजले.

चौथ्या दिवशी सासूबाईंनी वाटी पुढं सरकवली. "काय गं, चटणीला शिवंना झालीस? इख कालवलंय व्हय मी?"

माझ्या तोंडून निसटलंच, "तुम्ही पहिल्या बाईंना का मारलंत, आत्याबाई?"

बोलून बसले. आता माझी पेटी भरून मला अकलूजला माहेरी धाडणार, दुसरं काय!

त्या उठल्या. देव्हाऱ्यातली ती चांदी आणून माझ्या तळहातावर ठेवली. नखाएवढा पत्रा, त्यावर एका बाईचा ठसा.

"सवतीचा टाक हाय ह्यो. दुसरेपणाच्या बायकोनं आदी हिला घास दावायचा, मग आपुन जेवायचं. आन ही नुसती सवत न्हाय. माजी थोरली भन. पैल्या बाळंतपणात गेली. तिचा समदा संसार मी वापरतीया. रोज माफी मागाया नगं?"

मी हमसून हमसून रडले.

"रडतीस काय? धान्याच्या डब्यामागं लपवलंस, त्या पुस्तकात कुणी मारलं ते सांग आदी!"

तेव्हापासून दुपारी त्या शेंगा निवडायच्या आणि मी वाचायची. त्यांचा संशय कायम धाकट्या सुनेवर.

आत्याबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली. टाक आता माझ्याकडे आहे. आधी चटणीचा घास दाखवते, जेवते, मग मोठ्यांदा वाचते. दोघी बहिणी ऐकत असाव्यात. शेवटच्या पानाआधी जरा थांबते. आत्याबाईंना खुनी ओळखायला वेळ द्यावा लागतो. बहुतेकदा तेवढ्यात माझाच डोळा लागतो.