कावळ्याला दिलेला शब्द

बाळाबाईंनी जन्मात एकच कॉम्प्युटर गेम खेळली. पण ती त्यांनी जशी खेळली, तशी कोल्हापुरात दुसऱ्या कुणी खेळली असेल तर त्यानं मला येऊन सांगावं. मी त्याला चहा पाजीन.

कसबा बावड्यात, साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं सायबर कॅफे होतं. कॅफे म्हणायला लाज वाटावी असा एक गाळा, त्यात प्लायवूडचे खोके आणि कुरकुरणारी मशिनं. बाळाबाई मागच्या गल्लीतल्या. घरी म्हशी, दारोदार दुधाचा रतीब, नवरा जोतीराम कारखान्यात फिटर. बोलणं आमच्याकडच्या बायकांसारखं, 'मी आलो, मी गेलो'. बाईंचा आवाज असा, की गल्लीच्या त्या टोकाला कुणाला हाक मारली तर या टोकाचं कुत्रं उठून उभं राहायचं. दुधात पाणी घालता का, असं मी एकदा गमतीनं विचारलं, तर दुसऱ्या दिवशी म्हैसच दुकानाच्या दारात आणून बांधली आणि म्हणाल्या, "पिळा की तुमीच, मास्तर." मी कधीच मास्तर नव्हतो. पण कॉम्प्युटर शिकवतो तो मास्तर, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि त्यांच्याशी वाद घालायची माझी छाती नव्हती.

त्यांचा एकुलता एक मुलगा यशराज. बारावीला होता, म्हणजे कॉलेजच्या हजेरीपटावर. बाकी सगळा वेळ माझ्या कोपऱ्यातल्या मशीनवर. एखादी गेम पुरी झाली की तिथूनच रस्त्याकडे तोंड करून ओरडायचा, "आये, संपवली!" बाळाबाई किटली घेऊन जाता जाता म्हणायच्या, "अभ्यासाचं बुक संपीव की एकदा तसं." तोंडानं हे, आणि संध्याकाळी त्याच्यासाठी खरवसाची वाटी बाजूला काढून ठेवलेली. गेम सुरू होते, मग अवघड होते आणि एक दिवस संपते, एवढं त्यांना पोराच्या त्या ओरडण्यातून पक्कं कळलं होतं.

दोन हजार तीन साली यशराजच्या डोक्यात एक नवीच गेम शिरली. अजून बाजारात यायची होती. नाव इंग्रजी आणि लांबलचक, म्हणून आम्ही तिला नुसती 'स्पेसवाली' म्हणायचो. एका मासिकात तिच्याबद्दल चार पानं छापून आली होती, ती पानं त्यानं घडीच्या ठिकाणी फाटेपर्यंत वाचली.

"सर, आभाळात दिसंल त्या ताऱ्यावर जायचं. कुनी आडवायचं न्हाय. आन् तिथली मानसं आपल्याला वळखत्यात, ध्यानात ठेवत्यात."

"लग्न जुळवणारा मध्यस्थ असाच बोलतो," मी म्हणालो. "मुलीला स्वैपाक येतो, शिवण येतं, गळा तर काय गोड. खरं काय ते अक्षता पडल्यावर कळतं."

"बगा तुमी. आली की पयल्यांदा मी बसनार."

गेम काही येईना. कंपनी नुसती तारीख पुढं ढकलत होती. तेवढ्यात गळीत हंगाम सुरू झाला, रस्ते उसाच्या गाड्यांनी भरले. एका संध्याकाळी, दिवेलागणीला, शिये गावच्या रस्त्यानं यशराज बापाच्या एम-एटी गाडीवरून घरी येत होता. पुढं उसानं भरलेली ट्रॉली होती आणि तिला मागं दिवा नव्हता. आणखी काय सांगू? आमच्याकडं दर हंगामात असं एक तरी पोर जातं, आणि दर हंगामात ट्रॉल्या तशाच अंधारात धावतात. मला अजून त्याची चीड येते.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन होतं. नदीकाठच्या स्मशानात त्याच्या आवडीचं सगळं पानावर वाढलं आणि आम्ही लांब जाऊन उभे राहिलो. कावळे समोरच्या करंजावर बसून होते. एकही खाली उतरेना. गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय, असा त्याचा अर्थ. मग घरच्यांनी ते ओळखून मोठ्यानं शब्द द्यायचा असतो, म्हणजे कावळा घासाला शिवतो. जोतीराम पुढं झाला. "यशा, तुज्या आईला अंतर देनार न्हाय," म्हणाला. कावळे बसलेलेच. चुलता केरबा म्हणाला, "त्या ट्रॉलीवाल्याला सोडत न्हाय बग." काही नाही. ऊन चढत चाललं. माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

तेव्हा बाळाबाई बायकांमधून उठल्या. एवढा दणदणीत आवाज, पण त्या दिवशी जेमतेम ऐकू आला.

"यशा, तुजी ती गेम आली की मी खेळीन. शेवटापतूर नेऊन संपवीन. आता जा बाबा."

कावळा उतरला. मी असलं काही मानत नाही, आजही मानत नाही. पण त्यानं पानावरच्या खरवसाला चोच लावलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

गेम आली ती पुढच्या वर्षी, गणपतीच्या सुमाराला. पोरांच्या माझ्या दारात उड्या पडल्या आणि आठवड्याभरात सगळी पोरं परत आपल्या बंदुकीच्या गेमवर. तारे पुष्कळ होते, पण कुठल्याही ताऱ्यावर जा, तीच तांबडी माती आणि तेच गोल स्टेशन. त्या स्टेशनात तोच टकला माणूस तेच एक वाक्य बोलायचा. एका स्टेशनातला माल उचलायचा, दुसऱ्यात टाकायचा. "सर, हे तर दुधाचा रतीब घातल्यागत झालं," एक पोरगा म्हणाला. कंपनीला शिव्या घालत सगळे उठले. मीही मनात म्हटलं, यशराज, तुझ्या मध्यस्थानं चांगलीच फसवणूक केली बघ.

आणि एका दुपारी बाळाबाई आल्या. किटली बाहेर ठेवली, पदर खोचला.

"आली म्हनं ती?"

मला वाटलं होतं, शब्द दिला, कावळा शिवला, संपलं. असले शब्द कोण पुरे करतं? पण त्या सरळ कोपऱ्यातल्या मशीनसमोर जाऊन बसल्या. गेम सुरू करताना खेळणाऱ्याचं नाव विचारते. मी त्यांच्याकडं पाहिलं. "यशराज घाला," त्या म्हणाल्या. "त्येचीच हाय ती."

आधी माऊस त्यांच्या हातात टिकेना. धार काढायचा हात तो, मुठीत आवळायच्या. "पिळायचं नाही, नुसतं दाबायचं," मी ओरडायचो. त्या उलट फणकारायच्या, "मग आधी सांगायचं की तसं!" पण शिकल्या. रतीब उरकला की रोज यायच्या, यान हाकायच्या, माल टाकायच्या. टाकत होत्या चोख, त्यांचा धंदाच तो. दुसऱ्या फेरीला पहिल्यांदाच आधीच्या स्टेशनात परत शिरल्या, तेव्हा टकल्याच्या तोंडाखाली अक्षरं उमटली: 'वेलकम बॅक, यशराज.'

"काय म्हनतोय त्यो?"

सांगू नये असं वाटलं, पण सांगावं लागलं. "म्हणतोय, परत आलास, यशराज. बरं झालं."

बाळाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यानं पोराला ओळखलं होतं. मासिकातल्या त्या चार पानांपैकी तेवढं एकच खरं निघालं होतं. मग त्या फिरून फिरून त्याच स्टेशनात जायला लागल्या. माझं मात्र वेगळंच झालं. सकाळी झाडलोट करून मशीन लावलं, चुकून ती गेम उघडली आणि रिकाम्या गाळ्यात ती ओळ समोर आली, की अंगावर काटा यायचा. मी पटकन पडदा बंद करून टाकायचो.

एकदा यान चालवता चालवताच त्या बोलल्या. "मास्तर, दिवं लागायच्या टायमाला एम-एटी येती गल्लीत. गोठ्यापाशी हुबी ऱ्हाती. म्हस मान वर करून बगती. भाईर जाऊन बगावं तर कायबी न्हाय."

ती एम-एटी कधीच भंगारात गेलेली. "भीती वाटते का?" मी विचारलं.

"पोटच्या पोराचं कसलं भ्या? पर त्यो दारात तिष्ठत हुबा हाय. कावळ्यापुढं बोलून बसलोय मी, आन् अजून काय संपवली न्हाय. किती ऱ्हायलीय वो?"

हा प्रश्न आज ना उद्या येणार, हे मला माहीत होतं. या गेमला शेवट नव्हताच. शेवट नसणं हीच तर तिची जाहिरात होती आणि यशराज त्याच्यावरच भाळला होता. मी जमेल तेवढ्या हळू आवाजात सांगितलं. आधी त्यांना ते कळेचना. सुरू झालेली गोष्ट संपत कशी नाही? मग कळलं, आणि त्यांनी माऊस सोडला.

"म्हंजी माज्या लेकानं किती दिस हुबं ऱ्हायाचं दारात?"

त्या किटली तिथंच विसरून गेल्या.

त्यानंतर मी रोज इंटरनेटवर शोधायला लागलो. परदेशातले खेळणारे त्या कंपनीला काय काय बोलत होते, ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यातच एकानं लिहिलं होतं: कुठल्याही स्टेशनात न थांबता नाकासमोर जात राहा, यान एका जागी अडतं, पुढचे तारे नुसते चितारलेले आहेत, अनंत म्हणून विकलं आणि भिंत निघाली. तो तळतळून लिहीत होता आणि मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. कुणाच्या लबाडीचा मला इतका आनंद आयुष्यात झाला नाही.

बाईंना बोलावून सांगितलं, शेवट सापडला. पण वाट लांबची होती. मध्ये स्टेशन नाही, आणि स्टेशनात शिरल्याशिवाय गेम कुठवर आलो ते लक्षात ठेवायची नाही. आमच्याकडं तेव्हा भारनियमन. बाई तासन् तास सरळ चालवत जायच्या, वीज जायची, पडदा काळा, आणि परत पहिल्या स्टेशनापासून. 'परत आलास, यशराज. बरं झालं.' आता ते वाक्य आलं की बाई डोळे मिटून घ्यायच्या.

जोतीरामाला हे सगळं बायकोचं खूळ वाटतं, अशी माझी समजूत होती. पोर गेल्यापासून तो माझ्या दुकानावरून मान खाली घालून जायचा. एका दुपारी तो खांद्यावर ट्रॅक्टरची बॅटरी आणि काखेत मागून आणलेला इन्व्हर्टर घेऊन आला. दोन्ही खाली ठेवलं, घाम पुसला आणि म्हणाला, "हिला जोडा तुमचं मशीन. लाईट गेली तरी बंद पडाय नगं." तो जायला वळला, दारात थांबला.

"माज्या बी कानावर येती ती एम-एटी," म्हणाला, आणि गेला.

त्या दुपारी वीज गेली, पंखा थांबला, रस्त्यावरची पिठाची गिरणी थांबली. कोपऱ्यातला पडदा तेवढा उजळत राहिला. बाळाबाई नाकासमोर यान हाकत होत्या. मग यान अडलं. दोन्ही बाजूंचे तारे जागच्या जागी गोठले आणि खाली अक्षरं आली.

"काय लिवलंय?"

"यापुढं काही नाही," मी वाचलं.

"म्हंजी संपली?"

"संपली."

त्या बराच वेळ त्या चितारलेल्या ताऱ्यांकडं बघत राहिल्या. मग उभ्या राहिल्या, दारात गेल्या आणि रस्त्याकडं तोंड करून ओरडल्या, "यशा, संपवली रं!" त्यांचा पहिला आवाज वर्षानं परत आला होता. गल्लीतलं कुत्रं उठून उभं राहिलं.

पुढं काही दिवस दूध जोतीराम घालून जात होता. मी बाईंचं विचारलं की नुसती मान हलवायचा. मग एके दिवशी रतीब उरकून बाई स्वतः आल्या आणि दाराशीच उभ्या राहिल्या.

"थांबला का आवाज?" मी विचारलं.

"थांबला. म्हस बी मान उचलत न्हाय आता."

"मग चांगलंच झालं की," मी म्हणालो. शहाणपणा माझा.

"झालं की चांगलं. शब्द पुरा क्येला, पोरगं सुटलं." त्यांनी चौकट घट्ट धरली. "तिनीसांजेला कान लावून बसतो मी. कायबी येत न्हाय. मास्तर, दारापतूर तरी येत हुतं की वो!"

आणि त्या दारातच बसून रडल्या. स्मशानात रडल्या नव्हत्या एवढ्या रडल्या. मी पाणी दिलं. दुसरं काय देणार?

डोळे पुसून झाल्यावर म्हणाल्या, "परत पयल्यापासनं लागती का ती?"

लागते म्हणालो. कोपऱ्यातलं मशीन लावलं. गेमनं नाव विचारलं, आणि मी सवयीनं यशराजचं पहिलं अक्षर दाबलं. त्यांनी माझा हात धरला.

"त्येला नगं आता हाक मारू. लई दिस तिष्ठला त्यो. बाळाबाई घाला."

मी गाळा बंद केला तोवर, म्हणजे आणखी काही वर्षं, त्या रोज यायच्या. नवी पोरं मला विचारायची, "सर, त्या जुन्या गेममध्ये हाय काय येवढं?" त्यात काही नव्हतं, हे मी त्यांना कितीदा सांगितलं असेल. तीच तांबडी माती, तोच टकला, आणि त्याच्या तोंडाखाली 'वेलकम बॅक, बाळाबाई'. ती ओळ वाचायला त्या शिकल्या होत्या. स्टेशनात शिरल्या की पडद्याशी तोंड नेऊन त्या टकल्याला विचारायच्या, "मी आलो की. त्यो कुटं हाय?"