आजीच्या रिळातला धागा

बायको गेली तेव्हा तिची गोधडी अर्धीच शिवून झाली होती. तिच्या सुईदोऱ्याला मी कुणाला हात लावू देत नव्हतो.

नात विमानाचं इंजिनिअरिंग शिकती. तिनं थर्माकोलचा विमानाचा पंख बनवला. त्यावर धाग्याचे तुकडे चिकटवून टेबलफॅनसमोर धरलं की हवा कशी वाहती ते दिसतं. पण तिचा नायलॉनचा धागा ताठच राहायचा.

"आबा, आजीच्या रिळातला मऊ आहे," ती भीतभीत म्हणाली.

"मग गोधडी कशानं पुरी करायची?"

बोललो खरं, पण नातीनं मागायच्या आधीच बायकोनं धागा दिला असता. मी रीळ काढलं, दातानं धागा तोडला.

"घे. ऱ्हाऊ दे गोधडी अर्धी."

तिनं तुकडे पंखावर चिकटवून फॅन लावला. धागे सरळ निजले, मागच्या कडेचे तेवढे थरथरले.

"तिथं हवा पंखाला सोडून चालली, आबा."

मी खुर्ची जवळ ओढली. "परत दाखव," म्हणालो.