डबीचं झाकण

भाताच्या आवणीच्या दिवसांत टाकव्याच्या सगळ्या बायका गुडघाभर चिखलात असायच्या. माझं तान्हं लेकरू सासूबाईंजवळ असे. गुटी चाटवली की दिवसभर निजतं, असं त्या सांगत आणि शेजारणी म्हणत, लय गुणाचं लेकरू. मीही फुशारून जायची. मी घरी राहिले की मात्र ते जांभया देई, नाक गळे, अंगावर काटा येई, रडून घर डोक्यावर घेई. माझं दूधच बाधत असेल म्हणून मी स्वतःला बोल लावी.

त्याच पावसात मामंजींनी खंडाळ्याच्या घाटात माल नेणाऱ्या एका गाडीवानाचा बैल घेतला. चार दिवसांत बैलानं खाचरात चिखलणी करताना अंग टाकलं. जांभया, नाकातून पाणी, थरथर. सासूबाईंनी मीठमिरच्या ओवाळल्या. मामंजी गाडीवानाला गाठून आले, तर तो बिनदिक्कत म्हणाला म्हणे, घाट चढायच्या आधी गुळात अफू देतो, सगळेच देतात. मुक्या जनावराला असं व्यसन लावतं का कुणी?

एकदम तोडली तर बैल मरेल, म्हणून रोज थोडी कमी करत द्यायचं ठरलं. सासूबाईंनी फडताळातून आपली पितळी डबी काढून दिली. अफू पोटदुखीला घरोघर असायची, म्हणून मी काही विचारलं नाही. पुढंपुढं डबीचं झाकण वाजलं की गूळ दिसायच्या आधीच बैल जीभ बाहेर काढू लागला. आम्ही त्याला हसायचो.

एका सकाळी माझं लेकरू ओसरीवर रडत होतं. मामंजींनी बैलासाठी डबी उघडली, झाकण वाजलं. ते गप्प झालं. आवाजाकडे मान वळवून, तोंड उघडून वाट बघत राहिलं.

त्या जांभया, ते नाक, सगळं एकदम समोर आलं. लेकराला उचलून मी सासूबाईंपुढे उभी राहिले आणि गुटीत काय घालता, म्हणून विचारलं. सुनेनं असं विचारायची रीत नव्हती.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "समद्याच देत्यात. न्हाईतर आवणी कोन करनार? तुज्या नवऱ्याला बी दिली, त्याच्या थोरल्या भावाला बी."

थोरल्याचं नाव घरात कुणी काढत नसे. तान्हा असताना दृष्ट लागून गेला, एवढंच मला माहीत होतं.

सासूबाई बैलाकडे बघत राहिल्या. मग खाली बसत म्हणाल्या, "आवणीतच निजला व्हता. उठलाच न्हाई."