कडुनिंबाला ऊन पाणी

माझी शाळा एका कडुनिंबाच्या रोपावर अवलंबून होती. ऐकणाऱ्याला गंमत वाटते, मला कधीच वाटली नाही. नाशिकचा एक ट्रस्ट सिन्नरकडच्या गावांत बालवाड्या चालवायचा, उघड्या माळावर झाडं लावायचा आणि आमच्या बौद्ध वस्तीतल्या मुलींची हायस्कुलाची फी भरायचा. अट एकच, मुलीनं ट्रस्टनं दिलेलं रोप दारात जगवायचं. जूनमध्ये ट्रस्टच्या बाई जीपनं यायच्या. रोप हिरवं असलं तर पुढच्या वर्षाची फी, वाळलं तर शाळा बंद.

मोठ्या बहिणीचं झाड असंच वाढलेलं. त्याच्याच सावलीत बसून आई दिवसभर विड्या वळायची. बहीण शिकली, नर्स झाली आणि मुंबईला गेली ती गेलीच. वडील मालेगावला एसटीच्या वर्कशॉपात, महिन्यातून एकदा घरी. घरात मी आणि आई, बस.

मी माझ्या रोपाला जिवापाड जपत होते. अंघोळीचं, भांड्यांचं, सगळं पाणी त्यालाच. भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपणही केलं होतं. तरी उन्हाळा लागताच पानं करपायला लागली. मी उन्हाला शिव्या घातल्या, मातीला घातल्या, शेजारणीच्या शेळ्यांना तर रोजच.

एप्रिलात एक दिवस पेपर लवकर सुटला. भर दुपारी घरी आले तर आई रोपाशी वाकलेली, हातात मोठं पातेलं. पाण्यातून वाफा निघत होत्या. ती ते ऊन पाणी सावकाश मुळांत ओतत होती.

तिनं मला पाहिलं, पण दचकली नाही की थांबली नाही. पातेलं पार रिकामं करून मग म्हणाली, "एक झाड मोठं केलं ना? सावली दारात हाय. पोरगी कुठं हाय?"

दोन महिने मी तिच्याशी धड बोलले नाही. भाकरी पुढ्यात आली की तळपायाची आग मस्तकात जायची. पण बाहेर ब्र काढला नाही. आपल्या आईनं असं केलं, हे सांगायचं कुणाला आणि कुठल्या तोंडानं?

जूनमध्ये बाई आल्या. वाळकी काडी त्यांनी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"शेळीनं खाल्लं," मी म्हटलं.

आईनं हातातली विडी सुपात टाकली. "शेळीबिळी काय नाय बाई. पोरगी खोटं बोलतीय, माझ्यापायी. म्या मारलं त्याला, ऊन पाणी घालून."

वाटलं, संपलं आता. बाईंनी त्या काडीकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग आईशेजारी गोणपाटावर बसल्या आणि विचारलं, "मोठी शेवटची कधी आली होती?"

"दोन भीमजयंत्या झाल्या," आई म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

बाईंनी जीपमधून नवं रोप आणवलं आणि माझ्या नव्हे, आईच्या पुढ्यात ठेवलं. "हे तुमचं. जगवायचं की नाही, तुम्ही ठरवा."

आई त्या रोपाकडे किती तरी वेळ बघत राहिली. मग ती उठली, कोपऱ्यातली पहार घेतली आणि एकटीनं खड्डा खणला. मला मातीला हातसुद्धा लावू दिला नाही.

मी शिकले. नोकरी लागली ती थेट नागपूरला. गाडी लांबची, रजा थोडी, त्यात घरसंसार. एकदा बऱ्याच काळानं घरी गेले तेव्हा दारात दोन कडुनिंब होते आणि आई मधे बसून विड्या वळत होती. केस पार पिकलेले.

"किती दिस हायेस?" तिनं विचारलं.

"उद्या सकाळी निघते."

सकाळी माझ्या अंघोळीसाठी तिनं बाहेरच्या चुलीवर पाणी तापवलं. तेच मोठं पातेलं. ते उचलून ती माझ्या झाडाजवळून चालली तशी मी नकळत एक पाऊल पुढे टाकलं. इतक्या वर्षांनी, मूर्खासारखं. तिच्या ते ध्यानात आलं.

"भिऊ नको," ती म्हणाली. "आता लय मोठं झालंय ते. ऊन पाण्यानं मरत नाय."