खांद्यावर गोम असलेले बैल

दत्ता औरंगाबादला मामाकडे जाऊन चार दिवस झाले, तरी सत्यशीलाबाईंच्या मनातून एक गोष्ट हलेना. पोरानं जाताना साच्यांकडे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. जेवला का, झोपला का, ही काळजी रोजचीच. ही नवी होती.

सव्वीस वर्षांचा दत्ता म्हणजे मानवतमध्ये सदा ‘काहीतरी करायलाय’ असा माणूस. रेडिओ दुरुस्ती झाली, मधमाश्या पाळून झाल्या. यंदा मुंबईहून सिलिकॉन रबराचा डबा आला. मातीच्या बैलावर हे पातळ रबर ओतायचं, घट्ट झालं की सोलायचं, की झाला साचा. त्यातून पोळ्यासाठी प्लास्टरचे बैल काढायचे. मातीचा बैल त्यानं असा घडवला होता, की शेजारच्या धुरपताबाईंनी त्याच्यापुढे मूठभर सरकी ठेवली.

पण रबरात बुडबुडे राहिले, आणि साच्यात जिथं बुडबुडा तिथं बैलाला गाठ. पहिले चाळीस बैल निघाले. चाळिसांच्याही खांद्यावर, एकाच जागी, हरभऱ्याएवढी.

बाजारात बैलांचे जाणकार सूर्यभानरावांनी एक बैल उचलून असा निरखला, की दात मोजायचे तेवढे राहिले.

“शिंगं झकास हायेत. पण खांद्यावर गोम हाय की रे!”

जनावराच्या अंगावरची ही अशुभ खूण. दत्ता म्हणाला, “काका, प्लास्टरचा हाय. एका दिवसापुरता.”

“एक दिस का व्हईना, पुजायचा आमच्याच घरी न्हवं? असलं जनावर मालकाला खातंय.”

सूर्यभानरावांनी खाली ठेवलेल्या बैलाला मग बाजारात कोणी हात लावतं होय!

दत्तानं आणखी दोन साचे केले. डब्यासोबत आलेल्या कागदावर लिहिलं होतं तसं रबर हळू ढवळलं. तरी एकदा कपाळावर गाठ, एकदा शेपटीच्या मुळाशी. “आई, माझ्या हातालाच गोम हाय,” म्हणाला आणि एस.टी.त बसला. मामानं कारखान्यात जागा पाहिली होती. सोमवारी सकाळी तीन वर्षांच्या करारावर सही.

डब्यात थोडं रबर उरलं होतं. टाकणं जिवावर आलं, म्हणून सत्यशीलाबाईंनी स्वतःच साचा करायला घेतला. बादली उचलताना उजवं मनगट लचकलेलं. डाव्या हातानं कसंबसं ढवळलं, वरून बारीक धार सोडली. रविवारी सकाळी साचा सोलला, तर आतून आरशासारखा गुळगुळीत!

बाईंची नजर भिंतीला टांगलेल्या पळीवर गेली. आजवर दत्ता रबर ढवळून चौकट आणायला गेला, की त्या पळी घेऊन ते भज्याच्या पिठासारखं दणादण फेसत. पोराचा हात हळू चालतो, तेवढीच मदत! फेसलं की पिठात हवा भरते, हे बी.ए. झालेल्या बाईला कळायला नको?

“दत्ताला चिठ्ठी टाका की,” सगळं ऐकून धुरपताबाई म्हणाल्या.

“चिठ्ठी बुधवारी पोचेल. सही उद्या हाय.”

फोन करायचा तर आबासाहेबांच्या आडतीवरून. तिथं बोललेलं संध्याकाळपर्यंत पार पोखर्णी गावाला ऐकू जायचं. बाईंनी चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या.

“हसतील हो सगळे,” धुरपताबाई म्हणाल्या.

“हसू द्या. पोळ्याला अजून नऊ दिवस हायेत,” असं म्हणून साचा पदराखाली घेत त्या आडतीकडे निघाल्या.